पहाटे साडेपाचपर्यंत बुकिंग कालच्या तारखेला दिसतं: एक्सप्रेस, लारावेल, जँगो, रेल्स आणि स्प्रिंग बूटमध्ये हा दोष कसा पकडायचा

मालवण, तारकर्ली, देवबाग या पट्ट्यात घरगुती निवास चालवणारी माणसं पहाटेच उठतात, कारण मुंबई-पुण्याहून रात्री सुटलेल्या खासगी बसेस इकडे उजाडायच्या सुमारास पोचतात. साडेचार-पावणेपाचला मालक फोनवर ‘आजचे पाहुणे’ हे पान उघडतो आणि तिथे कालची यादी असते. देवबागच्या एका काकींचा मला असाच पहाटे फोन आला: “अरे झिला, पावणे दारात इले आणि तुझ्या यादीत त्यांचा नावच नाय!” मी लॅपटॉप उघडून सर्व्हरवर पोचेपर्यंत पावणेसहा झाले होते, आणि यादी आपली आपण बरोबर झाली होती.

हा दोष माझ्या कामात तीनदा आला, तीन वेगळ्या ग्राहकांकडे, तीन वेगळ्या फ्रेमवर्कमध्ये (फ्रेमवर्क म्हणजे वेबसाइट बांधायचा तयार सांगाडा). एक्सप्रेसमध्ये तो सापडायला मला चार रात्री लागल्या, लारावेलमध्ये एक दुपार, आणि जँगोमध्ये अर्धा तास. तिसऱ्या वेळी दुखणं ओळखीचं झालं होतं हे धरलं तरी हा फरक मोठा आहे, आणि तो फरक फ्रेमवर्कने मला आत काय चाललंय ते किती दाखवलं त्याचा आहे. म्हणून दोषावरचा उपाय आणि फ्रेमवर्कची तुलना दोन्ही एकत्रच लिहितोय.

आधी वेळ विचारा

ग्राहकाचा फोन आला की कोड उघडण्याआधी एकच प्रश्न विचारा: चुकीची तारीख किती वाजता दिसली? रात्री बारा ते पहाटे साडेपाच याच वेळात दिसत असेल तर तो एक दोष. दिवसभर, प्रत्येक बुकिंगला एक दिवस मागे दिसत असेल तर तो दुसरा. ग्राहकाच्या तोंडी दोन्हींची तक्रार एकच असते, पण उपाय पूर्ण वेगळे आहेत. मी पहिल्या वेळी हे दोन्ही एकच समजलो आणि चारपैकी तीन रात्री त्यात गेल्या.

पहिल्या प्रकाराचं कारण सरळ आहे. आपली प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरून धरलेली. दर अंशाला चार मिनिटं, म्हणजे ३३० मिनिटं, म्हणजे साडेपाच तास आपण यूटीसीच्या, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेच्या, पुढे. भाड्याने घेतलेले बहुतेक सर्व्हर यूटीसीवर चालतात. आपल्याकडे २४ डिसेंबरची पहाट, ४ वाजून ४० मिनिटं. त्याच क्षणी सर्व्हरच्या घड्याळात २३ डिसेंबर, रात्रीचे ११ वाजून १० मिनिटं. त्याला ‘आज’ विचारलं की तो २३ सांगतो. साडेपाच वाजले की त्याचाही २४ सुरू होतो आणि सगळं सुरळीत दिसायला लागतं. दिवसा ऑफिसात बसून तपासणाऱ्याला हा दोष कधीच दिसणार नाही.

दुसऱ्या प्रकारात ‘दिवस’ आणि ‘क्षण’ यांची गल्लत असते. तुतारी एक्सप्रेस दादरहून रात्री १२ वाजून ५ मिनिटांनी सुटते. शनिवारी रात्री निघायचं म्हणून शनिवारचं तिकीट काढलेला माणूस फलाटावर येतो तेव्हा त्याची गाडी आदल्या रात्रीच गेलेली असते. कोकणातल्या प्रत्येक घरात या गाडीसाठी ‘तारीख नीट बघ’ असं बजावलं जातं. गाडी सुटण्याचा क्षण एकच असतो, पण त्याला कुठला दिवस म्हणायचं हे सांगणाऱ्याच्या हिशेबावर ठरतं. पाहुणा ‘१० मेला येतो’ म्हणतो तेव्हा तो दिवस सांगत असतो, क्षण नव्हे. आपण प्रोग्राममध्ये त्या दिवसाचा ‘१० मे, रात्री ००:००’ असा क्षण बनवला आणि तो यूटीसीत नेला, की ‘९ मे, संध्याकाळी साडेसहा’ होतो. पुढे कुणीतरी त्यातली तारीख तेवढी कापून घेतो आणि बुकिंग एक दिवस मागे जातं.

साडेपाच तास हाताने मिळवू नका

सगळ्यात जास्त दिसणारी आणि सगळ्यात घातक दुरुस्ती हीच आहे. मीही ती केली होती: यादीच्या क्वेरीत (डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नात) वेळेला ३३० मिनिटं मिळवली. यादी पहाटे बरोबर आली. महिन्याभराने दुसऱ्याने पावतीच्या पानावर आधीच भारतीय वेळेत आलेल्या वेळेला पुन्हा ३३० मिनिटं मिळवली. आता संध्याकाळी साडेसहानंतरच्या पावत्यांवर उद्याची तारीख. अशी बेरीज कोडमध्ये दिसली, तर पहिल्यांदा ती काढा आणि मगच पुढचं तपासा. ती आत असताना कुठल्याही निरीक्षणावर विश्वास ठेवता येत नाही.

या दोषाची खरी अडचण अशी की तो बोंबलत नाही. एरर येत नाही, पान कोसळत नाही. फ्रेमवर्कची तुलना करताना लोक एररच्या पानाबद्दल भरभरून बोलतात, आणि ती पानं खरंच चांगली आहेत. पण एररच आली नाही तर ते पान उघडणार कसं? गप्प बसणारा दोष शोधायला तीन गोष्टी लागतात: डेटाबेसकडे नेमकी कुठली किंमत (व्हॅल्यू) गेली ते डोळ्यांनी बघता येणं, अ‍ॅप्लिकेशन जसंच्या तसं चढवलेला कन्सोल (एकेक ओळ लिहून लगेच उत्तर बघायची खिडकी) मिळणं, आणि घड्याळ हवं तिथे थांबवता येणं. मी फ्रेमवर्क याच तीन गोष्टींवर तोलतो.

एक्सप्रेस

२०१० सालापासून हे आहे आणि मुद्दाम छोटं ठेवलेलं आहे. रूट (कुठल्या पत्त्यावर कुठला कोड चालेल ते) आणि मिडलवेअर (विनंती वाटेत हाताळणारा कोड) मिळतात; तारखा, डेटाबेस, लॉग हे सगळं आपण बाहेरून आणायचं. पहिलं पान दहा मिनिटांत उभं राहतं, त्यामुळे उत्पादकता प्रचंड वाटते. किंमत पुढे मोजावी लागते, कारण तारीख कुठे बदलली या प्रश्नाला चार वेगवेगळी पॅकेजं जबाबदार असू शकतात.

माझ्या बाबतीत दोन्ही प्रकारचे दोष एकाच वेळी होते. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये आगमनाचा रकाना ‘डेट’ प्रकारचा होता, म्हणजे नुसता दिवस. पण नोडचा (एक्सप्रेस ज्यावर चालतं त्या जावास्क्रिप्ट प्रोग्रामचा) नेहमीचा पोस्टग्रेस ड्रायव्हर, म्हणजे डेटाबेसशी जोडणारं पॅकेज, त्या दिवसाचं जावास्क्रिप्टच्या डेट ऑब्जेक्टमध्ये रूपांतर करतो, तेही त्या यंत्राच्या स्थानिक मध्यरात्रीवर. माझा लॅपटॉप भारतीय वेळेवर. जेसन (ब्राउझरकडे जाणारा मजकूर) बनवताना तीच किंमत यूटीसीत गेली आणि १० मेच्या जागी ‘२०२५-०५-०९टी१८:३०:००.०००झेड’ आलं. सर्व्हर यूटीसीवर असल्यामुळे तिथे मध्यरात्रीची मध्यरात्रच राहिली आणि तारीख बरोबर आली. म्हणजे एक दोष फक्त लॅपटॉपवर, दुसरा फक्त सर्व्हरवर आणि तोही फक्त पहाटे. एक दाबला की दुसरा वर येतोय असं वाटायचं, कारण मी दोन वेगळ्या यंत्रांवर दोन वेगळी दुखणी बघत होतो.

उपाय: पोस्टग्रेसच्या ड्रायव्हरला डेट प्रकारासाठी, ज्याचा अंतर्गत क्रमांक १०८२ आहे, वेगळा पार्सर (किंमत वाचून देणारं फंक्शन) देऊन किंमत जशीच्या तशी मजकूर म्हणून परत घ्या. मायएसक्यूएल असेल तर ड्रायव्हरला ‘डेटस्ट्रिंग्ज’ हा पर्याय चालू करा. फॉर्ममधल्या तारखेच्या खान्यातून ‘२०२५-०५-१०’ असा मजकूर येतो. तो डेटाबेसपर्यंत मजकूरच राहू द्या, वाटेत डेट ऑब्जेक्ट बनवूच नका. जावास्क्रिप्टमध्ये ‘न्यू डेट’ला नुसती ‘२०२५-०५-१०’ दिली तर ती यूटीसी धरली जाते, आणि त्यापुढे ‘टी००:००’ जोडलं की स्थानिक वेळ धरली जाते. पहिल्या रूपात आपल्याकडे पहाटेचे साडेपाच होतात, तारीख तीच राहते, म्हणून चूक इथे लपते. अमेरिकेतल्या भाच्याने गणपतीला गावी यायचं म्हणून तिकडून बुकिंग उघडलं की त्याला एक दिवस आधीची तारीख दिसते.

डीबगिंगसाठी नोड ‘इन्स्पेक्ट’ पर्यायासह सुरू करून क्रोममधून ब्रेकपॉइंट (कोड जिथे थांबवायचा ती खूण) लावता येतो, आणि ते साधन उत्तम आहे. पण क्वेरीचा लॉग, तयार कन्सोल हे आपणच बांधायचं. आणखी एक गोष्ट: एक्सप्रेस ४ मध्ये असिंक फंक्शनच्या आत एरर आली आणि आपण ती पकडली नाही, तर ती एरर हाताळणाऱ्या मिडलवेअरपर्यंत पोचतच नाही. विनंती नुसती लटकते, आणि नोड १५ पासून तर पूर्ण प्रोसेसच बंद पडते. २०२४ मध्ये आलेल्या एक्सप्रेस ५ ने हे सुधारलं आहे. जुनं अ‍ॅप्लिकेशन हातात असेल तर तारखांच्या मागे लागण्याआधी ते एक्सप्रेस ५ वर न्या, लॉगमध्ये खऱ्या एरर दिसायला लागतील.

लारावेल

छोट्या ग्राहकाकडे आधीच स्वस्त पीएचपी होस्टिंग असतं, म्हणून आमच्याकडे बरंच काम लारावेलमध्ये होतं. कॉन्फिगच्या अ‍ॅप फाइलमध्ये टाइमझोन मुळात ‘यूटीसी’ असतो. तो ‘एशिया/कोलकाता’ केला की ‘नाऊ’ आणि ‘टुडे’ दोन्ही सुधारतात आणि पहाटेचा दोष जातो. बदल करूनही काही फरक पडला नाही, तर कॉन्फिगची कॅश (साठवलेली जुनी प्रत) साफ करायची राहिली आहे. ‘आर्टिसन टिंकर’ या लारावेलच्या कन्सोलमध्ये ‘नाऊ()’ लिहून बघा, दोन सेकंदांत कळतं.

पण चालू साइटवर हा बदल करण्याआधी थांबा. लारावेल वेळ डेटाबेसमध्ये लिहिताना टाइमझोन बदलत नाही. अ‍ॅपच्या घड्याळात जी वेळ असेल तीच उतरवतं. म्हणजे कालपर्यंतच्या सगळ्या नोंदी यूटीसीत आणि आजपासूनच्या भारतीय वेळेत, एकाच रकान्यात, आणि कुठली कुठली हे ओळखायची खूण नाही. जुन्या नोंदी सरकवणं आणि सेटिंग बदलणं एकाच बैठकीत, साइट देखभालीसाठी बंद ठेवूनच करा.

आणि हे केल्यावर दुसऱ्या प्रकारचा दोष डोकं वर काढतो. २०२० मध्ये आलेल्या लारावेल ७ पासून मॉडेलचं (डेटाबेसमधल्या नोंदीसाठी कोडमध्ये असलेल्या ऑब्जेक्टचं) जेसन बनवताना तारखा यूटीसीत लिहिल्या जातात. मॉडेलमध्ये आगमनाला नुसतं ‘डेट’ असं कास्ट (रकाना कुठल्या प्रकारचा धरायचा ते) दिलं असेल आणि टाइमझोन कोलकाता असेल, तर १० मे ब्राउझरकडे ९ मे १८:३० होऊन जातो. कास्ट ‘डेट:वाय-एम-डी’ असं लिहिलं की जेसनमध्ये नुसता दिवस जातो. माझी ती एक दुपार यातच गेली: एक दुरुस्ती केल्यावर दुसरी तक्रार का आली हे कळेना. शेवटी ‘डीडी’ने मॉडेल आणि त्याचं जेसन शेजारी शेजारी छापलं आणि फरक समोर आला. ‘डीडी’ हे साधन साधं आहे, पण विनंती मध्येच थांबवून किंमत दाखवणं यापेक्षा वेगळं डीबगिंगमध्ये काय लागतं? डीबगबार लावला की क्वेरी आणि त्यातल्या किमतीही पानाखाली दिसतात.

जँगो

जँगोत गोष्टी उलट्या आहेत. टाइमझोनचा आधार चालू असला, आणि जँगो ५ पासून तो मुळातच चालू असतो, की डेटाबेसला वेळा टाइमझोनसह जातात आणि पानावर छापताना त्या आपोआप आपल्या वेळेत येतात. त्यामुळे पोस्टग्रेसवर पुढे टाइमझोन बदलला तरी जुन्या नोंदी हलवाव्या लागत नाहीत. याच सोयीत सापळा आहे. ‘टाइमझोन.नाऊ()’ यूटीसीतली वेळ देतं, म्हणून ‘टाइमझोन.नाऊ().डेट()’ ही यूटीसीतली तारीख झाली. आपल्याला हवं ते ‘टाइमझोन.लोकलडेट()’. कोडमध्ये पहिलं रूप शोधा. माझ्याकडे ते सात ठिकाणी होतं.

ते सापडलं कसं ते सांगतो. मी चाचणीचं घड्याळ पहाटे ४:४० वर थांबवलं आणि पान उघडलं. मथळ्यात ‘२४ डिसेंबर’ छापलेलं, कारण टेम्प्लेट भारतीय वेळ दाखवतं. खाली डीबग टूलबारच्या एसक्यूएल खान्यात तीच क्वेरी उघडली, तर अटीत ‘२०२५-१२-२३’. एकाच पानावर वर २४ आणि खाली २३. मग त्या व्ह्यूमध्ये (पान तयार करणाऱ्या फंक्शनमध्ये) मुद्दाम ‘असर्ट फॉल्स’ लिहिलं, म्हणजे तिथे हटकून एरर येईल. जँगोचं एररचं पान उघडलं आणि त्यात फंक्शनमधली प्रत्येक स्थानिक किंमत समोर आली. ‘आज’ या नावापुढे २३, आणि त्याच्याच वरच्या ओळीत मूळ वेळेला ‘टीझेडइन्फो’ यूटीसी. अंदाज करायला जागाच उरली नाही.

टाइमझोन नसलेली वेळ मॉडेलमध्ये घातली तर जँगो नुसती सूचना देतं आणि ती लॉगमध्ये हरवते. डेव्हलपमेंटमध्ये ती सूचना एरर म्हणून उठेल असं फिल्टर लावा. आणि डीबग मोड सर्व्हरवर कधीही चालू ठेवू नका. तेच पान परक्याला तुमच्या आतल्या किमती दाखवेल. फ्लास्क हे पायथनचंच दुसरं फ्रेमवर्क वापरणाऱ्यांनी तर जास्तच जपायला हवं, कारण तिथल्या एररच्या पानावर पिन टाकला की थेट कोड चालवता येतो.

रेल्स आणि स्प्रिंग बूट

रेल्समध्ये मी कमी काम केलंय, पण शोधायच्या सोयीत ते जँगोच्या तोडीचं आहे. दोष एकाच जोडीत असतो: ‘डेट.टुडे’ यंत्राची तारीख देतं, ‘डेट.करंट’ अ‍ॅपच्या टाइमझोनची. वेळेलाही तसंच, ‘टाइम.नाऊ’ऐवजी ‘टाइम.करंट’. रुबोकॉप या कोड तपासणाऱ्या साधनाचे रेल्ससाठीचे नियम चालू केले की ही चूक लिहितानाच पकडली जाते. डेव्हलपमेंट लॉगमध्ये क्वेरी आणि किमती मुळातच दिसतात, आणि ‘सँडबॉक्स’मध्ये उघडलेल्या कन्सोलमधले बदल बाहेर पडताना मागे घेतले जातात, त्यामुळे खऱ्या डेटावर हात न थरथरता प्रयोग करता येतो.

स्प्रिंग बूटला लोक जड म्हणतात. सुरू व्हायला वेळ लागतो, स्टॅक ट्रेस (एरर कुठून कुठे आली त्याची यादी) पानभर असतो. पण २०१४ मध्ये आलेल्या जावा ८ ने ‘लोकलडेट’ आणि ‘इन्स्टंट’ असे दोन वेगळे प्रकार दिले, म्हणजे दिवस वेगळा, क्षण वेगळा. एकाच्या जागी दुसरा घातला तर कंपायलरच अडवतो. माझ्या पाहण्यात दुसऱ्या प्रकारच्या दोषावरचा हा सगळ्यात पक्का बंदोबस्त आहे. पहिला प्रकार मात्र इथेही येतो: ‘लोकलडेट.नाऊ()’ला ‘एशिया/कोलकाता’ हा झोन द्या, नाहीतर यंत्राचा धरला जाईल. एसक्यूएल छापायचा साधा पर्याय किमतींच्या जागी प्रश्नचिन्हं दाखवतो; हायबरनेटच्या (स्प्रिंग बूटमध्ये डेटाबेसशी बोलणाऱ्या लायब्ररीच्या) बाइंड लॉगची पातळी ‘ट्रेस’ केल्यावरच खऱ्या किमती दिसतात.

पहाट होण्याची वाट बघू नका

दुरुस्ती झाली हे दाखवायला ४:४० ची चाचणी लिहाच. पायथनमध्ये ‘फ्रीझगन’, रेल्स आणि लारावेलमध्ये ‘ट्रॅव्हल टू’, जेस्टमध्ये ‘सेट सिस्टम टाइम’, जावामध्ये ‘क्लॉक.फिक्स्ड’. थांबवायचा क्षण यूटीसीत लिहा: २३ डिसेंबर, २३:१०. उत्तर २४ यायला हवं. मग सगळ्या चाचण्या ‘टीझेड’ या पर्यावरण चलाला एकदा यूटीसी आणि एकदा एशिया/कोलकाता देऊन चालवा. दोन्हीकडे उत्तर सारखं आलं तरच कोड यंत्राच्या घड्याळावर अवलंबून नाही असं समजा.

पावसात इथे लाईट आणि नेट दोन्हींचा भरवसा नसतो, आणि उत्पादकतेच्या गप्पांमध्ये ही गोष्ट कुणी धरत नाही. मोबाइलच्या एका रेघेवर नोडची पॅकेजं नव्याने उतरवायला बसलात तर दुपार जाते. जँगोचं पूर्ण डॉक्युमेंटेशन उतरवून ठेवता येतं, पायथनची पॅकेजं एका फोल्डरात साठवून तिथून बसवता येतात, जावाची पॅकेजं आणणाऱ्या मेव्हनलाही ऑफलाइन चालवता येतं. नोडची पॅकेजं आणणाऱ्या एनपीएमची कॅश सांभाळली तर तिथेही भागतं, पण ती सवय आधी लावून घ्यावी लागते.

तारखांवर चालणारं नवं काम आलं की मी आता जँगो घेतो. ग्राहकाचं पीएचपी होस्टिंग पक्कं असेल तर लारावेल, पण पहिल्याच दिवशी टाइमझोन आणि कास्ट लावून. मोठ्या आणि अनेकांच्या हातून जाणाऱ्या कामाला स्प्रिंग बूट. एक्सप्रेस मी छोट्या सेवांसाठी ठेवतो, जिथे तारखेचा संबंध नाही.

दुरुस्ती सर्व्हरवर चढवल्यावर एक काम उरतं: आधीच चुकलेल्या नोंदी. पाहुण्याने स्वतः निवडलेल्या तारखांना पहाटेच्या दोषाचा धक्का लागत नाही. धक्का लागतो तो प्रोग्रामने ‘आज’ म्हणून भरलेल्या तारखांना, म्हणजे दारात आलेल्यांची बुकिंग आणि पैशाच्या पावत्या. भारतीय वेळेनुसार बारा ते साडेपाच या वेळात तयार झालेल्या नोंदी वेगळ्या काढा आणि त्यातल्या १ एप्रिलच्या पहिल्यांदा बघा. १ एप्रिलला रात्री एक वाजता घेतलेल्या आगाऊ रकमेची पावती ३१ मार्चच्या तारखेने, म्हणजे आदल्या आर्थिक वर्षात पडलेली असते. ती डेटाबेसमध्ये परस्पर बदलू नका. यादी छापून मालकाला द्या आणि त्यांच्या हिशेब बघणाऱ्या माणसाला विचारूनच पुढचं करा.